ताटली तीनदा फिरवावी

३ ऑक्टोबर
सीझन सुरू झाला. म्हणजे खरा नव्हे, दुकानांचा. चहा आणायला रॉसकॉमनच्या सुपरमार्केटात गेलो तर दारातच प्लॅस्टिकचा सांगाडा उभा. जवळून गेलं की खिदळतो. मी आयुष्यभर शाळामास्तर होतो, माझ्याकडे बघून खिदळलेलं मी कुणाचं खपवून घेतलेलं नाही. मॅनेजरला बोलावलं. म्हटलं, हॅलोविन हा आपला, आयर्लंडचा सण. आपल्याच जिल्ह्यातल्या मांजरांच्या गुहेतून भुतं बाहेर पडतात, त्या रात्रीचा. आपण तो अमेरिकेला उसना दिला, त्यांनी नारिंगी रंगात बुचकळून परत पाठवला, आणि तुम्ही तो दारात उभा करून ठेवलाय. तो म्हणाला, सर, तुमच्यामागे लोक खोळंबलेत.

संकल्प: यंदा आपल्या घरी अस्सल हॅलोविन. सलगम कोरून केलेले कंदील. विस्तवावर भाजलेले हेझलनट. कोबी आणि लोणी घालून घोटलेले बटाटे. घरच्या भट्टीतला ब्रॅक, म्हणजे बेदाण्यांचा गोड पाव. भोपळा उंबऱ्याच्या आत येणार नाही.

आणखी एक संकल्प आहे. तो उद्या लिहीन.

४ ऑक्टोबर
लग्न करायचं.

नेसा टान्सी. समोरच्या घरातली, आरोग्य केंद्रातली नर्स. दोन वर्षांपूर्वी तिला मावशीचं घर मिळालं आणि ती गॉलवे सोडून आमच्या किलटरनला आली. गावात वाचनाची आवड असलेली माणसं दोनच, मी आणि ती. तिच्या हातात मी पुस्तक पाहिलेलं नाही, पण चेहऱ्यावरून कळतं. रोज सकाळी कामावर जाताना मला हात करते. परवा पाऊस पडून रस्ता निसरडा झाला होता, तर गाडीची काच खाली करून म्हणाली, मास्तर, जपून चाला हो. रस्त्यावर आणखी तिघं चालत होती, त्यांना नाही म्हणाली.

वयात फरक आहे. सतरा-अठरा वर्षं म्हणजे आपल्या भागात काहीच नाही. मी लांबून पन्नाशीचा दिसतो.

आईची अंगठी काढून पाहिली. साधी सोन्याची कडी, भांडी घासून घासून तारेएवढी उरलेली. जाताना आईने ती माझ्या बहिणीला, अट्रॅक्टाला, दिली नाही, मला दिली. म्हणाली, लॉर्कन, घरात कुणाला आणशील तिच्या बोटात घाल. त्याला बरीच वर्षं झाली. मी घाई करणारा माणूस नाही.

६ ऑक्टोबर
नेसाला सरळ जाऊन विचारणं मला शोभणार नाही. शिवाय ती गडबडून जाईल. तिला आधी खूण मिळायला हवी.

ब्रॅक. ज्याच्या तुकड्यात अंगठी निघेल त्याचं वर्षाच्या आत लग्न. वाटाणा निघाला की यंदा लग्न नाही. चिंधीला गरिबी, नाण्याला पैसा. हे इथल्या पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. तेव्हा एकतीस तारखेला चहाला बोलवायचं, ब्रॅक मी भाजायचा, आईची अंगठी आत घालायची, आणि तो तुकडा नेसाच्या समोर येईल अशी ताटली ठेवायची. ती अंगठी काढील, लाजेल. मी खुर्चीतून उठेन. उठून काय बोलायचं ते ठरवायला तीन आठवडे आहेत.

योजनेत एकही भोक नाही.

७ ऑक्टोबर
जार्लथ कॉनबॉयने अंगणात भोपळा फुगवला.

हा जार्लथ म्हणजे नेसाच्या शेजारचा. ट्रॅक्टर दुरुस्त करतो. माझाच विद्यार्थी, हे सांगायला मला संकोच वाटतो. सातचा पाढा त्याने कधी पुरा केला नाही. बॉस्टनला दहा वर्षं राहून आला आणि येताना तिथला कचरा डोक्यात भरून आणला. भोपळा पन्हाळीपर्यंत उंच आहे, त्याला दात आहेत आणि पोटात पंखा. दिवसभर घरघर. वीज गेली की जागेवर बसतो, आली की पुन्हा उठतो.

मी कुंपणापर्यंत जाऊन विचारलं, हे काय आहे. म्हणाला, मास्तर, पोरांना आवडतं. म्हटलं, पोरांना माती खायलाही आवडते. तो हसला. त्याला अपमान कळत नाही, त्यामुळे त्याचा अपमान करण्यात वेळ जातो.

दोऱ्या ताणायला नेसा मदत करत होती. तिचा स्वभावच तसा आहे, कुणाला नाही म्हणता येत नाही.

११ ऑक्टोबर
ब्लॅकबेरी तोडायला गेलो. हॅलोविननंतर तोडायच्या नसतात, पूका त्यांच्यावर थुंकून जातो. पूका म्हणजे काळ्या घोड्याचं रूप घेणारं भूत. जार्लथच्या पिढीला यातलं काही माहीत नाही, त्यांना फक्त झोंबी माहीत. कोट काट्यात फाटला. हवा मात्र काय सुंदर होती. टर्फचा, चुलीत जाळायच्या वाळक्या दलदलीच्या मातीचा धूर, ओली पानं, गायींच्या अंगावरची वाफ. अशा हवेत माणसाला वाटतं की सगळं जमेल.

जॅम केला. आळला नाही. रात्रभर ठेवला तरी पळी उभी राहीना. तरी बरणी नेसाला नेऊन दिली, म्हटलं, जुन्या पद्धतीचा पातळ जॅम आहे, आमच्या आईचा. आई कधी पातळ जॅम करत नसे, पण ते असो.

१३ ऑक्टोबर
नेसा भेटली. म्हणाली, मास्तर, जॅम अर्धा तर जार्लथनेच संपवला, आइस्क्रीमवर ओतून ओतून खाल्ला. म्हणजे तिने माझी भेट शेजारधर्माला वापरली. मन मोठं आहे तिचं. जार्लथचा मात्र राग आला. मी तीन तास काटे खाल्ले ते त्याच्या आइस्क्रीमसाठी नव्हे.

१५ ऑक्टोबर, दुपार
सलगम कोरायला घेतले. भोपळा कुणीही कोरेल, आतून पोकळच असतो, वरच्या मजल्यावर जार्लथसारखाच. सलगम कोरायला मनगट लागतं. पहिल्या सलगमात चमचा वाकला. दुसऱ्यात सुरी मोडली. तिसऱ्यात अंगठा.

१५ ऑक्टोबर, संध्याकाळ
आरोग्य केंद्रात गेलो. नेसाने अंगठ्याला तीन टाके घातले. माझा हात तिच्या हातात होता. लागतो त्यापेक्षा जास्त वेळ होता असं मला वाटतं. ती विचारत होती की धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं. प्रश्न साधा, पण आवाजात काळजी होती. म्हणाली, मास्तर, या वयात सुरीशी खेळू नका. या वयात हे ती प्रेमाने म्हणाली.

घरी आलो तर ओट्यावर सगळे सलगम कोरून ठेवलेले. जार्लथ. नेसाने त्याला फोन केला होता, तो ड्रिल मशीन घेऊन आला आणि पाच मिनिटांत सगळे पोखरून गेला. डोळे, नाक, दात, सगळं अगदी सारख्या मापाचं. हजार वर्षांची परंपरा आणि हा तिला ड्रिल लावतो. शेजारी चिठ्ठी: मास्तर, अंगठा बरा होईपर्यंत काही लागलं तर सांगा.

चिठ्ठीत शुद्धलेखनाच्या दोन चुका. त्या दुरुस्त करून ठेवल्या.

१८ ऑक्टोबर
चर्चच्या पत्रकात माझा लेख आला. ‘हॅलोविनच्या विस्मृत प्रथा’. नऊ पानं दिली होती, छापल्या दहा ओळी. त्यातही नेमकं ताटलीचं ठेवलं: ब्रॅक कापल्यावर कुणीतरी डोळे मिटून ताटली तीनदा सूर्य फिरतो त्या दिशेने फिरवावी, मगच तुकडे उचलावेत, ही थोर राजांच्या काळापासूनची रीत.

ही रीत मी चौथीच्या वर्गात सुरू केली. पोरं अंगठीच्या तुकड्यासाठी एकमेकांचे केस उपटायची, त्याला काहीतरी उपाय हवा होता. पण आता तीस वर्षं झाली, गावात सगळे करतात, म्हणजे ती प्रथाच झाली. प्रथा अशाच सुरू होतात. कुणीतरी शिकलेला माणूस लागतो.

लेखाखाली जार्लथची जाहिरात. ट्रॅक्टर दुरुस्ती, आणि शेजारी भोपळ्याचं चित्र.

२१ ऑक्टोबर
हेझलनटचा प्रयोग केला. एक आपल्या नावाचा, एक तिच्या नावाचा, शेजारी शेजारी विस्तवाच्या कडेला ठेवायचे. शांतपणे जळले तर संसार सुखाचा. एखादा उडाला तर नाही.

माझा उडाला. सपातेत पडला, पायाला फोड आला.

ओलसर होता. दुसरी जोडी घेतली. पुन्हा माझाच उडाला. दुकानातला माल, इटलीचा की तुर्कस्तानचा कोण जाणे, त्यांना आपल्या चालीरीती काय माहीत. तिसऱ्या वेळी दोन्ही चिमट्याने दाबून धरले. अगदी शांतपणे जळले, शेवटी कोळसा झाला, पण एकत्र.

उत्तम शकुन.

२३ ऑक्टोबर
नेसाला आमंत्रण दिलं. एकतीसला, पाच वाजता, चहा आणि ब्रॅक. तिचा चेहरा खुलला. मग म्हणाली, मास्तर, जार्लथलाही आणू का? तो बिचारा एकटाच असतो. मी म्हटलं, जरूर. दुसरं काय म्हणणार. दयाळू बाईशी लग्न करायचं म्हणजे अशी माणसं टेबलावर यायचीच, आतापासून सवय केलेली बरी.

शिवाय विचार केल्यावर हे बरंच झालं. वाटाण्याचा तुकडा जार्लथसमोर ठेवायचा. म्हणजे त्याच्याही डोक्यात काही असलं तर निघून जाईल. असेल असं वाटत नाही. त्याच्या डोक्यात काही टिकत नाही. तिची सायकल त्याच्या फाटकाला हल्ली दिसते, ती रक्तदाब तपासायला जात असणार. आडव्या अंगाच्या माणसांना रक्तदाब असतोच.

संध्याकाळी अट्रॅक्टाचा बॉयलहून फोन. थोरली बहीण, तिला आमंत्रण लागत नाही. म्हणाली, अरे, तू म्हणे पार्टी देतोयस, तुला ताप वगैरे नाही ना? म्हटलं, पार्टी नाही, परंपरा. म्हणाली, ब्रॅक कोण करणार? मी. ती इतका वेळ हसली की मी रिसीव्हर ठेवून किटली चढवून आलो, तरी हसत होती.

२६ ऑक्टोबर
ब्रॅकची तालीम. चहात रात्रभर भिजवलेले बेदाणे, मैदा, अंडं, मसाला. आईच्या हातचा आठवून केला. बाहेरून कोळसा, आतून लापशी. भट्टी जुनी आहे, दोष तिचा.

२८ ऑक्टोबर
पुन्हा केला. फुगलाच नाही. अंगणात टाकला तर कावळ्याने चोच मारून बघितली आणि भोपळ्यावर जाऊन बसला.

२९ ऑक्टोबर
तिसरा. यावर लिहिण्यासारखं नाही. भट्टीचं दार उघडं ठेवून झोपलो, वास जायला.

३० ऑक्टोबर, दुपार
एक व्यावहारिक निर्णय घ्यावा लागला. गावात कुणी बघू नये म्हणून बसने लॉन्गफर्डला गेलो आणि सुपरमार्केटातून तयार ब्रॅक आणला. गोल, चकचकीत. आयुष्यात पहिल्यांदा. शरीर माझं रांगेत होतं, मन नव्हतं. काउंटरवरच्या मुलीने डोक्याला चेटकिणीची टोपी घातली होती. ती म्हणाली, हॅपी हॅलोविन, आजोबा. मी सुट्टे पैसे मोजून घेतले.

घरी येताच वेष्टन न वाचता विस्तवात टाकलं. पुरावा नको. नाहीतरी त्यावर वाचण्यासारखं काय असणार, रंग आणि रसायनं. असल्या यंत्राने केलेल्या पावात परंपरा कुठून येणार.

३० ऑक्टोबर, संध्याकाळ
ब्रॅक उलटा करून तळाला चार चिरा दिल्या. एकीत आईची अंगठी, एकीत वाटाणा, एकीत चिंधी, एकीत नाणं. चिरा उरलेल्या जॅमने बुजवल्या. या कामाला पातळ जॅमच हवा होता, म्हणजे तोही वाया गेला नाही. उद्या चार तुकडे करायचे. अंगठी नेसाकडे, वाटाणा जार्लथकडे, चिंधी अट्रॅक्टाकडे, नाणं माझ्याकडे. खुणेला अंगठीच्या बाजूला वर एक बदाम टोचला.

अंगठी आत घालायला जरा वेळ लागला. अंगठ्याचे टाके अजून दुखतात.

३१ ऑक्टोबर, दुपारी ४
सगळं तयार. सलगमाचे कंदील खिडकीत लावलेत. पेटल्यावर ते जळक्या कोबीसारखा वास मारतात, पण खऱ्या गोष्टींना वास असतोच. बाहेर जार्लथचा भोपळा डुलतोय, पोरं त्याच्याभोवती नाचताहेत. माझ्या खिडकीशी एकजण आला होता, वास घेऊन गेला.

निळा टाय. आजपासून आयुष्य वेगळं असणार.

१ नोव्हेंबर
काल लिहायला झालं नाही. आता क्रमाने लिहितो.

पाचला तिघंही आले. अट्रॅक्टा आत येताच म्हणाली, कोण मेलंय इथे? म्हटलं, कंदील आहेत. नेसाने हिरवा पोशाख घातला होता. जार्लथने अंघोळ केली होती. सफरचंद दोरीला टांगून, हात मागे बांधून चावायचा खेळ झाला. मला जमलं नाही, सफरचंद नाकावर आपटलं. जार्लथने एका चाव्यात अर्धं नेलं. तोंड मोठं असण्याला मी कौशल्य म्हणत नाही.

मग ब्रॅक आणला. अट्रॅक्टाने वाकून बघितला. म्हणाली, लॉर्कन, हा तू केलास? म्हटलं, आईच्या पद्धतीने. तिची एक भुवई वर गेली ती खाली आली नाही. मी चार तुकडे केले. बदाम नेसाच्या समोर. घसा खाकरला. म्हटलं, चला, घ्या.

तेव्हा जार्लथने माझा हात धरला. मास्तर, ताटली फिरवायची राहिली की हो. मी म्हटलं, आज चौघंच आहोत, गरज नाही. तो म्हणाला, असं कसं, तुम्हीच तर शिकवलंत चौथीत. माझं सगळं विसरलं, पाढे गेले, नद्या गेल्या, पण हे नाही विसरलो. बॉस्टनमध्येसुद्धा मी दर वर्षी ताटली फिरवत होतो, मित्र हसायचे. नेसा म्हणाली, पत्रकात पण आलं होतं ना मास्तरांचं, मी कापून ठेवलंय. अट्रॅक्टा म्हणाली, थोर राजांना नाराज करू नकोस, लॉर्कन.

माझ्याच वाक्याने माझं तोंड बांधलं गेलं. जार्लथने डोळे मिटले आणि ताटली तीनदा सूर्याच्या दिशेने फिरवली. इतक्या भक्तिभावाने की मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. ताटली थांबली. बदाम जार्लथच्या समोर.

नाणं अट्रॅक्टाला गेलं. ती ते कोटाच्या खिशात टाकत म्हणाली, सवयच आहे मला. माझ्या दाताखाली वाटाणा आला. मी तो गिळला. कुणी पाहिलं नाही, म्हणजे तो मला निघाला असं म्हणता येणार नाही.

जार्लथने अंगठी काढली आणि लालबुंद होऊन नुसता बघत बसला. तरी मी अजून शांत होतो. जार्लथला अंगठी निघाली तर निघाली, त्याच्याशी कोण लग्न करतंय. माझ्या मनात होतं की सगळे गेल्यावर ती परत मागून घ्यायची आणि दुसरी योजना आखायची.

मग नेसा म्हणाली, अय्या, माझ्यात पण.

तिच्या तुकड्यातून आधी चिंधी निघाली. आणि मग कागदात गुंडाळलेली एक अंगठी. पिवळी, हलकी, खेळण्यातली.

दुकानवाले ब्रॅकमध्ये अंगठी घालतात. कागदात गुंडाळून, प्रत्येकात एक. वेष्टनावर लिहिलेलं असतं म्हणे. हे मला अट्रॅक्टाने आज सकाळी सांगितलं, आणि हे आख्ख्या आयर्लंडला माहीत आहे असंही सांगितलं.

काल मात्र टेबलावर कुणीच हे बोललं नाही. नेसाने तिच्या अंगठीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. म्हणाली, मास्तर, तुम्हाला माहीत होतं? म्हटलं, काय? ती म्हणाली, आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. हा वर्षभर विचारेन विचारेन म्हणतोय आणि नुसता माझी गाडी धुतोय. तुम्ही मुद्दाम दोन अंगठ्या घातल्यात, हो ना? ताटली फिरवली तरी त्या आमच्याच दोघांकडे आल्या.

जार्लथ उठला. खुर्ची पडली. म्हणाला, मास्तर, तुम्ही मला मंद म्हणायचात ते बरोबर होतं, इतकी मोठी खूण दिल्याशिवाय माझ्या डोक्यात शिरलं नसतं. आणि तो गुडघ्यावर बसला, माझ्या स्वयंपाकघरात, सांडलेल्या बेदाण्यांवर. नेसा म्हणाली, आता विचारतोस की पुढचा हॅलोविन बघू? त्याने विचारलं. त्याने आईची अंगठी तिच्या बोटात घातली. अगदी बरोबर बसली, जणू तिच्याच मापाची. खेळण्यातली अंगठी त्याच्या करंगळीत अर्ध्यावर अडकली.

नेसा हात उजेडात धरून म्हणाली, किती छान झिजवलीत हो मास्तर, अगदी खरी वाटते. जार्लथ म्हणाला, पुढच्या महिन्यात डब्लिनला जाऊन हिऱ्याची घेऊ. ती म्हणाली, नको, मला हीच.

मी तेव्हा बोलू शकलो असतो. ती माझ्या आईची आहे, एवढं म्हणायला काही लागत नव्हतं. पण मग तू ती ब्रॅकमध्ये कुणासाठी घातली होतीस, हा प्रश्न आला असता. आणि उत्तर त्या चौघांमध्ये एकालाच माहीत होतं.

दोघांना, खरं तर. अट्रॅक्टाने अंगठी ओळखली. मी तिला पाहिलं तर ती माझ्याकडेच बघत होती, भुवई खाली आलेली. उठली आणि माझ्या कपात चहा ओतला. दोन चमचे साखर घातली. मी साखर घेत नाही. प्यायलो.

१ नोव्हेंबर, संध्याकाळ
अट्रॅक्टाचा दुपारी पुन्हा फोन. म्हणाली, मी सांगू का त्यांना? तुझं नाव येणार नाही, म्हणेन चुकून पडली. म्हटलं, काय सांगायचंय, एक झिजलेली कडी. ती म्हणाली, लॉर्कन. मग म्हणाली, बेदाणे नीट झाड, उंदीर येतील.

संध्याकाळी नेसा आली. वडील नाहीत तिला. म्हणाली, चर्चमध्ये माझा हात धरून आत कोण नेणार हा प्रश्न होता, आता राहिला नाही. मास्तर, तुम्ही न्याल? तुम्ही मला वडिलांच्या जागी. मी म्हटलं, विचार करून सांगतो. ती म्हणाली, निळा टाय घाला हं, तो छान दिसतो. म्हणजे टाय तिने पाहिला होता.

होकार दिला आहे. लग्नात कुणीतरी रीतसर माणूस हवा, नाहीतर हा जार्लथ चर्चच्या दारात भोपळा उभा करील.

ब्लॅकबेरीवर पूका थुंकून गेलेला आहे. आता वर्षभर काही तोडायचं नाही.

२ नोव्हेंबर
मृतांचा दिवस.

रात्री वारा सुटला आणि जार्लथचा भोपळा उडून माझ्या कुंपणात येऊन पडला. हवा गेलेली, दात आत ओढलेले. जार्लथ धावत आला. म्हणाला, मास्तर, पुढच्या वर्षापर्यंत तुमच्या शेडमध्ये राहू दे का? माझ्याकडे ओल येते, तुमचं छप्पर चांगलं आहे. म्हटलं, ठेव. त्याला घडी घालता येईना, शेवटी मीच घातली. आठपदरी, कडेला कडा जुळवून. निदान घडी तरी घरात कुणाला नीट घालता आली.

आजच्या दिवशी चूल विझवायची नसते आणि दाराला कडी घालायची नसते. घरचे गेलेले लोक येतात, त्यांच्यासाठी विस्तवाजवळ खुर्ची मांडायची. ही प्रथा मी काढलेली नाही. ही खरी आहे.

आईची खुर्ची मांडली. घोटलेले बटाटे झाकून ठेवलेत, वर लोणी. ती आली की आधी अंगठीचं विचारील, तिचा स्वभाव मला माहीत आहे. सांगेन की समोरच्या घरात आहे, हिरव्या दाराच्या, तिथे दिवा दिसतोय. तिघा-चौघांच्या हसण्याचे आवाज येताहेत तिथून. भोपळ्याचं सूप आहे त्यांच्याकडे, मलाही बोलावलं होतं, मी नको म्हटलं.

मग ती तिकडेच जाईल. तिला भरलेलं घर आवडायचं.

पावणेसात झालेत. टाय अजून काढलेला नाही. एक वाटी सूप घेऊन परत येतो, तोवर आई आली तर थांबेल. दार उघडंच आहे.